शेवटच्या थांब्याचा हिशोब

१९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात दोन कलमं आहेत. अठरावं सांगतं, लोकांना कार्यक्षम, पुरेशी, परवडणारी आणि सुसूत्र वाहतूक देणं हे महामंडळाचं कर्तव्य. बाविसावं सांगतं, हा कारभार व्यापारी तत्त्वावर चालवायचा. खात्याच्या परीक्षेसाठी मी दोन्ही पाठ केली होती. परीक्षेत ती वेगवेगळ्या प्रश्नांत येतात, म्हणून सोपी वाटतात. आगारात ती एकाच सकाळी, एकाच गाडीबद्दल, एकदम समोर उभी राहतात. माझी सगळी नोकरी या दोन कलमांच्या मधल्या जागेत गेली. तिथे पाय रोवून कसं उभं राहायचं हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांनी हा कायदा कधी उघडूनही पाहिला नव्हता.

अख्खा डेपो त्यांना मास्तर म्हणायचा. हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा. त्याआधी बरीच वर्षं कंडक्टरकी केलेली, त्यामुळे तिकिटाच्या पंचाने उजव्या अंगठ्याला पडलेला घट्टा शेवटपर्यंत गेला नाही. जन्म १९४८ चा. ‘१ जूनला पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली, त्याच साली आमच्या आईने मला सोडला,’ हा त्यांचा ठरलेला विनोद. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी ऐकावा लागे. मलाही ऐकावा लागला.

२००३ साली मी सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका आगारात व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. थेट भरतीतून आलेली, शहरात वाढलेली, वयाने तिथल्या बऱ्याच ड्रायव्हर-कंडक्टरांपेक्षा लहान. निम्म्या गाड्या डोंगरात जायच्या. पावसाळ्यात कुठे दरड खाली आली, कुठे फरशीवरून पाणी गेलं, हे पहाटे कळायचं आणि त्यावर दिवसाचं सगळं वेळापत्रक पुन्हा मांडावं लागायचं. माझ्या केबिनमध्ये मागच्या भिंतीवर ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ होतं आणि समोरच्या भिंतीवर उत्पन्नाचा तक्ता. खुर्चीत बसल्यावर त्यातलं एकच दिसायचं. भिंती कुणी ठरवून तशा रंगवल्या नव्हत्या, पण व्यवस्था बोलकी होती.

पहिल्याच वर्षी विभागाकडून कमी भारमानाच्या फेऱ्यांची यादी आली. त्यात एक वसतीची गाडी होती. संध्याकाळी डोंगरातल्या एका वाडीला जायची, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथल्या देवळात झोपायचे आणि सकाळी ५.५० ला ती परत निघायची. मी मास्तरांना बोलावून यादी पुढे केली. वाटलं होतं, माणूस गावाकडचा आहे, कळवळून बोलेल, गरिबांचं काय होईल म्हणेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून यादी वाचली. ‘बरोबर आहे,’ म्हणाले. ‘गाडी तोट्यात आहे. आधी ते मान्य करू. मग बोलू.’

मग कंट्रोल रूममधून त्यांनी लाल पुठ्ठ्याची एक वही आणली. सरकारी वह्यांमध्ये ती कुठेच बसत नव्हती. प्रत्येक फेरीला एक पान. पानावर ना किलोमीटर, ना डिझेल, फक्त थांबे आणि थांब्यावर कोण उभं असतं ते. त्या ५.५० च्या पानावर लिहिलं होतं: दहावीच्या मुली ७, आठवी-नववी मिळून ९, दूधवाले ३, कारखान्यात जाणारे ४, नर्सबाई (सोमवार, गुरुवार), डबे ११.

‘डबे?’

‘साताऱ्याला हॉस्टेलवर शिकणाऱ्या पोरांचे. आया गाडीत ठेवतात. कंडक्टर स्टँडवर उतरवतो, पोरं येऊन घेऊन जातात.’

‘त्याचं तिकीट?’

‘नाही.’ जरा थांबून ते म्हणाले, ‘पण तो डबा चुकला की पोरगं उपाशी शाळेत जातं. हे कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून मी लिहितो.’

त्या पानाने मला आणखी एक गोष्ट दाखवली, जी माझ्या तक्त्यात दिसतच नव्हती. कंडक्टरची बॅग संध्याकाळी रिकामी होते तेव्हा तिच्यात रोख तिकिटांचे पैसे असतात. पासवर बसलेलं पोर तिथे नसतं. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास, बाकी विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत. ही रक्कम दुसऱ्या वाटेने, वेगळ्या हिशोबात येते. म्हणजे ज्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही, ती त्या दिवसाच्या रोकडीत निम्मी रिकामी दिसू शकते. गाडी जितकी शाळेच्या उपयोगाची, तितकी ती कॅशमध्ये दरिद्री. हे कुणाचं कारस्थान नव्हे. रोकड मोजायला सोपी असते आणि माणूस सोपं ते आधी मोजतो, एवढंच.

मी तेव्हाच म्हणाले असते, ‘ठीक आहे, ही फेरी राहू द्या,’ तर मास्तर खूश झाले असते असं वाचणाऱ्याला वाटेल. ते अजिबात झाले नसते. त्यांना दयेचा तिटकारा होता. ‘साहेब लोकांनी दया दाखवून ठेवलेली गाडी पुढचा साहेब काढतो,’ असं ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं, तोटा लपवायचा नाही आणि त्याची लाजही बाळगायची नाही. तो कोण भरणार ते नाव घालून सांगायचं. या वाडीच्या गाडीचा तोटा कोणती गाडी भरेल?

त्या प्रश्नाच्या मागे आम्ही आठवडाभर होतो. सोमवारी पहाटे पुण्याला कामावर परतणाऱ्या पोरांची फाट्यावर झुंबड असायची, आणि ती सगळी वडापच्या जीपमध्ये कोंबून जायची, कारण आमची स्वारगेट गाडी जीपनंतर यायची. मास्तरांनी ती पाऊण तास आधी काढायला लावली. ड्रायव्हर कुरकुरले. मास्तरांनी पहिले काही सोमवार स्वतः पहाटे येऊन गाडी लावून घेतली, कुरकुर थांबली. दुपारी एकाच दिशेला वीस मिनिटांच्या अंतराने सुटणाऱ्या दोन गाड्या होत्या, त्यातली एक त्यांनीच काढायला सांगितली. फेरी काढायला त्यांचा विरोध नव्हताच. ‘कापा की! पण जिथं मागून दुसरी गाडी येते तिथं कापा. जिच्या मागं काहीच नाही ती कापायची झाली तर आधी त्या थांब्यावर स्वतः जाऊन उभं राहा.’

विभागाच्या आढावा बैठकीत मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले, हा तोटा आणि ही भरपाई. समोरचे अधिकारी वाईट नव्हते. त्यांच्यावरही वरून दडपण होतं, आणि त्यांनी विचारलेले प्रश्न रास्त होते. त्यांनी कागद नीट वाचला आणि तीन महिने बघू म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. गाडी चालू राहिली. मोठ्या संस्थांमध्ये बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच टिकतात, निर्णयाने कमी आणि पुढे ढकलण्याने जास्त.

मास्तरांचं मला सगळ्यात अवघड गेलेलं शिक्षण मात्र दुसरं होतं. मार्च महिना, दहावीची परीक्षा सुरू. तालुक्यातल्या एका वजनदार माणसाने मेळाव्यासाठी प्रासंगिक करारावर गाड्या मागितल्या. पैसे आगाऊ, रोख, आणि मार्चअखेरचं उत्पन्न दाखवायची घाई प्रत्येक आगाराला असतेच. तारीख नेमकी गणिताच्या पेपरची. मी ताठ झाले. मुलांच्या परीक्षेच्या दिवशी एकही गाडी देणार नाही, तसं लेखी कळवते, वर्तमानपत्रात आलं तरी चालेल, असं मास्तरांना सांगितलं. आवाजात थोडा अभिमान असावा.

ते म्हणाले, ‘मॅडम, पेपर पोरांचा आहे. तुमचा नाही.’

मग कागद पुढे ओढून त्यांनी मांडायला सुरुवात केली. परीक्षेच्या केंद्रांवर जाणाऱ्या-येणाऱ्या फेऱ्यांच्या गाड्या बाजूला. त्यांना हात लावायचा नाही, त्या बंद पडल्या तर म्हणून दोन गाड्या राखीव. उरलेल्यांतून जेवढ्या सुटतील तेवढ्या मेळाव्याला. कमी पडतील त्या शेजारच्या आगाराकडून. मागणाऱ्याला फोन करून सांगायचं की सगळ्या मिळतील, मात्र शेवटच्या पाच गाड्या अकरानंतर येतील. ‘त्यांचा मेळावा कधी वेळेवर सुरू झालाय?’

तसंच झालं. कुणी दुखावलं नाही, कुणाचा पेपर चुकला नाही, उत्पन्नही दिसलं. मला मात्र काही दिवस चुटपुट लागून राहिली. एक ठसठशीत नकार द्यायची संधी हातची गेली होती. ‘कडक मॅडम’ अशी ख्याती व्हायला सुरुवात झाली होती आणि मला ती आवडू लागली होती. मास्तरांनी ते माझ्याआधी ओळखलं होतं. तत्त्वाला चिकटून राहणं आणि तत्त्वाला चिकटून राहिलेली बाई म्हणून ओळखलं जाणं या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. फरक एवढाच की पहिलीत डोळे थांब्यावर असतात आणि दुसरीत आरशावर. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या हुशार, प्रामाणिक, तरुण अधिकाऱ्यांमध्ये मला भ्रष्टाचारापेक्षा या आरशाचीच काळजी जास्त वाटत आली. लाच घेणारा निदान लपून घेतो.

२००६ साली मास्तर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते एकही वाक्य धड बोलले नाहीत. माईकवर ‘फलाट क्रमांक चार’ म्हणताना जो आवाज खणखणीत असायचा, तो त्या दिवशी फुटेना. लाल वही त्यांनी माझ्याकडे दिली नाही, त्यांच्या जागी आलेल्या नियंत्रकाच्या हवाली केली. मला जरा वाईट वाटलं. नंतर कळलं, अधिकारी बदलून जातात म्हणून. वही काउंटरवर राहिली पाहिजे.

बदल्या होत गेल्या, हुद्दा वाढत गेला. आगारात असताना प्रवासी दिसतो. विभागात गेलं की आगारं दिसतात. आणखी वर गेलं की टक्के. यात कुणाचा स्वभाव बिघडत नाही, जागेची उंचीच तशी असते. पुण्याच्या एका प्रशिक्षणात आम्हाला कार्डं वाटून त्यावर आपली तीन मूल्यं लिहायला सांगितली होती. सगळ्यांनी सचोटी, सेवा, पारदर्शकता असं लिहिलं, मीही लिहिलं. प्रशिक्षक म्हणाले, मूल्यं आपल्या आत असतात, शांत बसून ती ऐकायची. माझा अनुभव तसा नाही. आतलं फार लवकर सोयीचं बोलायला लागतं. माझी मूल्यं बाहेर होती, एका काउंटरच्या पलीकडे, चष्मा कपाळावर चढवून बसलेली, आणि मी चुकीचा कागद पुढे सरकवला की ‘आधी ते मान्य करू’ म्हणणारी. मला स्थिर कुणी ठेवलं असेल तर या बाहेरच्या माणसाने. म्हणून प्रत्येक नव्या ठिकाणी मी पहिल्या महिन्यात एकच शोध घ्यायची, इथला मास्तर कोण. कधी तो कार्यशाळेत सापडला, कधी स्वच्छता करणाऱ्या बाईत. एका ठिकाणी अजिबात सापडला नाही. तिथली माझी वर्षं चांगली गेली असं मी म्हणणार नाही.

मे २०२० मध्ये मी धुळे विभागात होते. टाळेबंदीत मुंबई–आग्रा रस्त्याने मजुरांचे लोंढे चालत उत्तरेकडे निघाले होते. शासनाने त्यांना एसटीने राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडायचं ठरवलं आणि आमच्या गाड्या शिरपूर, पळासनेर ओलांडून बिजासनी घाटाकडे धावू लागल्या. दिवसभर आकडे जात होते, किती गाड्या, किती माणसं. एका रात्री मास्तरांचा फोन आला. टीव्हीवर पाहत होते. नमस्कार वगैरे काही नाही.

‘गाडी सीमेवर रिकामी होते ना? मग ती माणसं पुढं कशात बसतात?’

अठरावं कलम आमच्या हद्दीपर्यंतचं. सीमा हा कागदोपत्री आमचा शेवटचा थांबा. पण त्या प्रश्नानंतर मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून सीमेवर आमचा एक पर्यवेक्षक बसवला. पलीकडच्या प्रशासनाच्या माणसाशी त्याचा फोन चालू. पुढची गाडी आहे असं कळल्यावरच आमची रिकामी करायची. तोवर माणसं सीटवर बसून राहतील, गाडी अडकली तर अडकू दे. अंधार पडल्यावर लेकरंबाळं घेतलेल्यांना तिथे उतरवायचं नाही. यात शौर्य काही नव्हतं. गाड्यांच्या फेऱ्या दिवसाला थोड्या कमी झाल्या, त्याचा खुलासा मी लिहून दिला आणि तो मान्य झाला.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटीच्या संपाबद्दल मात्र मला असं काही सांगता येणार नाही. शासनात विलीनीकरणाची मागणी होती. गेटच्या बाहेर बसलेले माझेच लोक होते, आणि आतून गाड्या काढायची जबाबदारीही माझीच. निलंबनाच्या आदेशांवर सह्या कराव्या लागल्या. तेव्हा फोन मी केला. म्हटलं, मास्तर, यात काय बरोबर?

बराच वेळ पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. ‘ते मला नाही सांगता यायचं,’ म्हणाले. ‘मी असतो तर बाहेर बसलो असतो. तुम्हाला आत बसावं लागेल.’ मग म्हणाले, ‘एवढं करा. ज्याच्या घरी कागद जाईल त्याचं नाव स्वतः वाचा. क्लार्कने टिचक्या मारलेल्या ठिकाणी नुसत्या सह्या करू नका.’

मी नावं वाचली. त्याने एकाही आदेशातला शब्द बदलला नाही. संप मिटल्यावर माणसं कामावर परत आली तेव्हा मी प्रत्येकाला नावाने हाक मारू शकत होते, एवढंच त्याचं मोल. काहींनी ओ दिली, काहींनी दिली नाही. न देणाऱ्यांचं मला चूक वाटत नाही.

२०२३ च्या पावसाळ्याआधी मी मास्तरांना भेटायला त्यांच्या गावी गेले. माझी निवृत्ती जवळ आली होती. मनात होतं, यांचं आपल्यावर जे आहे ते एकदा तोंडाने बोलून टाकावं, उशीर नको. वहिनींनी चहा ठेवला. मी सुरुवात केली, की मास्तर, पुढच्या साऱ्या नोकरीत मी तुमच्याच वहीतून बघत आले, तुमचं फार ऋण आहे. ते अवघडून खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, ‘ती वही माझी कुठली? मी नवा कंडक्टर असताना एक म्हातारा ड्रायव्हर होता, त्याला लिहिता येत नव्हतं. तो बोलायचा, मी लिहायचो.’ आणि विषय संपवून उठले, आतून एक कागद घेऊन आले.

कागदाचा विषय होता: गाडी दोन किलोमीटर पुढे वाढवून मिळणेबाबत. वरच्या वस्तीपर्यंत नवा डांबरी रस्ता झाला होता, गाडी मात्र जुन्या फाट्यावरूनच वळत होती. खाली थांब्यावर उभ्या राहणाऱ्यांची यादी. पाचवी ते दहावीच्या मुली, बाजाराला जाणाऱ्या बायका, डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाणारा एक गृहस्थ. त्याच्या खाली हिशोब: वाढीव चार किलोमीटरचं डिझेल, आणि ते भरून कसं निघेल. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झाल्याने वडापच्या जीपमधल्या किती बायका एसटीकडे वळल्या, हे त्यांनी बाजाराच्या दिवशी फाट्यावर बसून मोजलं होतं. सगळ्यात शेवटी एक ओळ होती: अर्जदाराचे वय ७५ पूर्ण असून प्रवास मोफत आहे, सबब अर्जदारास प्रवासी धरू नये.

‘मास्तर, माझा विभाग हा नाही,’ मी म्हटलं.

‘महामंडळ एकच आहे ना? द्या पुढं पाठवून.’

मी कागद पर्समध्ये ठेवायला लागले तर त्यांनी हात आडवा केला आणि झेरॉक्स प्रत पुढे सरकवली.

‘याच्यावर पोच द्या आधी. सही, तारीख. शिक्का नंतर मारला तरी चालेल.’

मी पोच दिली.